काळी फट, उभे फराटे आणि सरळ रेषा: उपग्रहाच्या स्पेक्ट्रोग्राममधलं नैसर्गिक काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यार्थ्याने फ्रान्सच्या डेमेटर उपग्रहाच्या जुन्या नोंदींतली भारतावरून गेलेली एक रात्रीची फेरी उतरवून घेतली आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा होती याचं चित्र, काढला. ० ते २० किलोहर्ट्झच्या त्या चित्रात त्याला चार गोष्टी दिसल्या: १८ आणि २० किलोहर्ट्झच्या मधल्या सरळ आडव्या रेषा, ५ किलोहर्ट्झच्या वर कुठेतरी सुरू होणारा दाट पट्टा, जागोजागी उभे फराटे, आणि १.७ किलोहर्ट्झजवळ एक काळी फट. त्याचं विचारणं असं, की यातलं नैसर्गिक कोणतं, ती फट भूकंपाची पूर्वसूचना असू शकते का, आणि घराच्या गच्चीवर अँटेना लावली तर हेच सगळं मिळेल का.

प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. चित्रातल्या आकारावरून आपण लहरीचं नाव ठरवायला जातो, आणि उपग्रहाच्या नोंदीत आकार पुरेसा नसतो. जमिनीवरचा अँटेना हवेत असतो, तर उपग्रहावरचा अँटेना खुद्द प्लाझ्मात, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या वायूत, बुडालेला असतो. कोणती लहर तिथे टिकेल, कोणती वाकेल, कोणती कोंडली जाईल, हे तो प्लाझ्माच ठरवतो. म्हणून माझ्याकडे नवीन कोणी शिकायला आलं की मी पहिल्यांदा चित्र झाकून ठेवायला सांगतो. आधी उपग्रह कुठे होता, तिथे इलेक्ट्रॉन किती होते, चुंबकीय क्षेत्र किती होतं आणि आयन कोणते होते, हे लिहून काढायचं. मग चित्र उघडायचं.

आता त्या विद्यार्थ्यालाच उद्देशून लिहितो. तुमच्याच फेरीचा हिशोब मांडू. डेमेटर २९ जून २००४ ला सुटला आणि २०१० च्या डिसेंबरपर्यंत चालला. सुरुवातीला तो ७१० किलोमीटर उंचीवर होता, पुढे ६६० वर आणला. त्याची कक्षा सूर्याशी जुळवलेली असल्यामुळे तो भारतावरून साधारण सकाळी साडेदहाला आणि रात्री साडेदहाला जायचा. रात्री त्या उंचीवर घन सेंटिमीटरला १०,००० च्या आसपास इलेक्ट्रॉन धरले, तर प्लाझ्मा वारंवारता, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या नैसर्गिक हेलकाव्यांची वारंवारता, ९०० किलोहर्ट्झ येते. मुंबईच्या अक्षांशावर त्या उंचीला चुंबकीय क्षेत्र साधारण ३२,००० नॅनोटेस्ला असतं, म्हणजे इलेक्ट्रॉनची गायरो वारंवारताही (बलरेषेभोवती तो सेकंदाला किती गिरक्या घेतो ती) ९०० किलोहर्ट्झच्याच आसपास. तुमचं सगळं चित्र २० किलोहर्ट्झच्या आत संपतं. या दोन्ही मर्यादांच्या इतक्या खाली चुंबकीय बलरेषेचा आधार धरून चालणारी मुख्य विद्युतचुंबकीय लहर एकच, व्हिसलर प्रकारची. अगदी खाली, काहीशे हर्ट्झच्या आत, आयनांच्या स्वतःच्या लहरी येतात, पण तुमचा प्रश्न तिथला नाही.

ही घनता मी अंदाजाने धरली आहे, आणि सगळं गणित तिच्यावर उभं आहे. ती ऋतूप्रमाणे, सौरचक्राप्रमाणे आणि चुंबकीय वादळाप्रमाणे कितीतरी बदलते. भारतावर तर आणखी एक भानगड असते. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, आयनित थरात) कमी घनतेचे बुडबुडे तयार होऊन वर चढतात, आणि साडेदहाच्या फेरीत उपग्रह थेट त्यातून जाऊ शकतो. बुडबुड्याच्या आत घनता दहापटीने किंवा त्याहून अधिक घसरते. म्हणून डेमेटरच्याच लँगम्युर प्रोबची, म्हणजे इलेक्ट्रॉनांची घनता मोजणाऱ्या उपकरणाची, त्याच वेळेची नोंद काढा आणि स्पेक्ट्रोग्रामच्या खाली लावून ठेवा. ही एक सवय लावून घेतलीत तर निम्म्या शंका आपोआप मिटतात.

आता रेषा. त्या नैसर्गिक नाहीत. १८.२ किलोहर्ट्झची रेषा तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या विजयनारायणम इथल्या नौदलाच्या प्रक्षेपकाची असणार. पाणबुड्यांशी संपर्कासाठी तो चालतो. १९.८ ची रेषा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नॉर्थ वेस्ट केपची, सुमारे १००० किलोवॅटचा प्रक्षेपक. इतक्या दुरून तो भारतावर कसा दिसतो, याचं आश्चर्य वाटू देऊ नका. जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून या लहरी हजारो किलोमीटर जातात आणि वाटेत थोड्या थोड्या वर झिरपत राहतात. या रेषा त्रासदायक वाटल्या तरी टाकून देऊ नका. प्रक्षेपकाची वारंवारता आणि जागा आपल्याला पक्की माहीत असते, त्यामुळे लहर आयनांबरातून जाताना तिचं काय होतं हे तपासायला याहून चांगलं साधन नाही. एखाद्या ठिकाणी १९.८ ची रेषा बारीक न राहता दोन्ही बाजूंना पसरलेली दिसली, तर तिथे प्लाझ्मात बारीक उंचसखलपणा आहे असं समजा. त्या उंचसखलपणावर आपटून लहरीचे छोट्या तरंगलांबीचे तुकडे होतात, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरने धावणाऱ्या उपग्रहाला त्यांच्यात डॉपलर सरकाव, म्हणजे स्वतःच्या वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक, दिसतो. तरंगलांबी १० मीटर असेल तर हा सरकाव ७५० हर्ट्झपर्यंत जातो. मूळ व्हिसलरची तरंगलांबी किलोमीटरांत असल्यामुळे तिच्यात तो दिसतही नाही.

मानवनिर्मित रेषांची आणखी एक जात असते: ५० किंवा १०० हर्ट्झच्या अंतराने एकाखाली एक लागलेल्या रेषा. त्या जमिनीवरच्या वीजवाहिन्यांच्या. युरोपवर ५०-१०० चं अंतर आणि अमेरिकेवर ६०-१२० चं, हे डेमेटरच्या नोंदींत स्पष्ट दिसलेलं आहे. आणि उपग्रहाची स्वतःची कुरकुर वेगळीच. सौर पट्ट्या, विद्युत परिवर्तक, संगणक, सगळेच काही ना काही सोडत असतात. तिची ओळख सोपी आहे. उपग्रह कुठेही असो, ती रेषा त्याच वारंवारतेवर राहते, किंवा उपग्रह सावलीत शिरताच बदलते. म्हणून एका फेरीवर समाधान मानू नका. पॅसिफिक महासागरावरची एखादी फेरी शेजारी ठेवा. दोन्हीकडे तंतोतंत सारखं जे दिसेल ते आधी उपग्रहाच्या खात्यावर टाका.

हा उपद्रव जुनाच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजणी अलिबागला न्यावी लागली, आणि तिथलं काम १९०४ मध्ये सुरू झालं. उपग्रहाला गाव सोडून जाता येत नाही, म्हणून संवेदक दांड्यांच्या टोकाला बसवतात. डेमेटरचे विद्युत संवेदक अशा सुमारे ४ मीटर लांबीच्या दांड्यांवर होते.

उभे फराटे हे विजांचे. वीज चमकते तेव्हा एकाच क्षणी सगळ्या वारंवारता बाहेर पडतात. आयनांबरात शिरल्यावर उंच वारंवारता लवकर पोचतात आणि खालच्या मागे राहतात. पहिल्या महायुद्धात टेलिफोनच्या तारांवर शत्रूचं बोलणं चोरून ऐकताना या उतरत्या शिट्ट्या ऐकू आल्या होत्या, आणि बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये त्यावर लिहिलं. त्या बलरेषेवरून एका गोलार्धातून दुसऱ्यात जातात, हे केंब्रिजमध्ये स्टोरी यांनी १९५३ च्या लेखात दाखवलं, आणि त्यातून पृथ्वीपासून कितीतरी दूरवर बऱ्यापैकी इलेक्ट्रॉन आहेत हे पहिल्यांदा कळलं. विलंबाचा नियम साधा आहे: विलंब म्हणजे एक स्थिरांक भागिले वारंवारतेचं वर्गमूळ. हा स्थिरांक १० असेल, म्हणजे उपग्रहाच्या बरोबर खाली वीज पडून लहर सरळ वर आली असेल, तर १० किलोहर्ट्झ ०.१ सेकंदाने पोचतो आणि १ किलोहर्ट्झ साधारण ०.३ सेकंदाने. स्थिरांक ८० असेल, म्हणजे लहर दूरच्या गोलार्धातून लांबचा प्रवास करून आली असेल, तर हेच आकडे ०.८ आणि २.५ सेकंद होतात.

इथेच तुमच्या चित्राची मर्यादा येते. डेमेटरच्या नेहमीच्या सर्वेक्षण नोंदीत एक स्पेक्ट्रम साधारण २ सेकंदांच्या सरासरीचा असतो. ०.२ सेकंदाची शिट्टी त्या सरासरीत विरून जाते आणि उभा फराटा उरतो. तिची वक्र शेपटी तुम्हाला दिसणार नाही. शेपटी हवी असेल तर बर्स्ट प्रकारची नोंद शोधा, तिच्यात सेकंदाला ४०,००० नमुन्यांचं मूळ तरंगरूप असतं. बर्स्ट नोंदी सगळीकडच्या नाहीत, ठरावीक प्रदेशांवरच त्या चालू केल्या जायच्या. दुसरी मर्यादा अशी, की २ सेकंदांत उपग्रह १५ किलोमीटर पुढे गेलेला असतो. चित्रात अर्ध्या मिनिटाचा बदल दिसला तर तो काळातला बदल आहे, की सव्वादोनशे किलोमीटरवरच्या वेगळ्या जागेतला, हे एकट्या उपग्रहावरून सांगता येत नाही. आमच्या क्षेत्रातले निम्मे वाद या एका गोष्टीवरून होतात.

फराटे किती दिसतील हे फेरीवर अवलंबून आहे. मे महिन्यात वळवाच्या ढगांनी संध्याकाळपासून धुमाकूळ घातलेला असेल आणि उपग्रह रात्री वरून गेला, तर महाराष्ट्रावर चित्र फराट्यांनी भरून जायला हवं. तीच फेरी सकाळची असेल तर फराटे फार फिके पडतात, कारण दिवसा ६० ते ९० किलोमीटरच्या थरातली हवा सूर्यप्रकाशाने आयनित होते आणि वर जाणाऱ्या लहरी शोषून घेते. भर पावसाळ्यात कोकणावर पाऊस भरपूर आणि विजा तुलनेने कमी, त्यामुळे जुलैची फेरी घेऊन निष्कर्ष काढू नका. दक्षिणेकडे सरकताना फराटे पुन्हा कमी होताना दिसतील. तिथे विजा नाहीत असं नव्हे, चुंबकीय विषुववृत्ताजवळ बलरेषा जवळजवळ आडव्या असतात आणि बलरेषेच्या आधाराने वर चढणाऱ्या लहरीला सरळ वाट राहत नाही. विजयनारायणमचा प्रक्षेपक त्या विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, हेही त्याची रेषा वाचताना लक्षात असू द्या.

आता दाट पट्टा. चित्रातली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच. त्याची खालची कड कशी आहे ते नीट बघा. कड धारदार असेल, हळूहळू वरखाली सरकत असेल आणि विद्युत क्षेत्राच्या चित्रात ठळक पण चुंबकीय चित्रात जवळजवळ नसेल, तर तो लोअर हायब्रिड अनुनादाचा गोंगाट असण्याची शक्यता मोठी. इलेक्ट्रॉन आणि आयन दोघांच्या हालचालींच्या मधे ही वारंवारता बसते. तिच्या वर लहरी चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ आडव्या दिशेने धावतात, त्यांची तरंगलांबी आखडते आणि ऊर्जा बहुतांश विद्युत क्षेत्रात जाते. हा गोंगाट कॅनडाच्या अलूएत-१ उपग्रहाने पहिल्यांदा दाखवला. तो २९ सप्टेंबर १९६२ ला सुटला, मुख्यतः वरून आयनांबराचा वेध घेण्यासाठी, आणि त्यावर कमी वारंवारतेचा एक ग्राहकही ठेवलेला होता. जमिनीवर कधीच न दिसलेली गोष्ट त्या ग्राहकात सापडली.

या कडेचं मोल असं, की ती आयनांची जात सांगते. वर धरलेल्या घनतेला आणि चुंबकीय क्षेत्राला सगळे आयन ऑक्सिजनचे असतील तर कड साधारण ३.७ किलोहर्ट्झवर येते, आणि सगळे हायड्रोजनचे असतील तर १५ च्या जवळ. प्रत्यक्षात मिश्रण असतं, म्हणून कड मधे कुठेतरी पडते. तुमच्या चित्रात ती ५ च्या थोडी वर आहे, म्हणजे ऑक्सिजनचं वर्चस्व असलेलं मिश्रण. पण हे तुमच्या फेरीत घनता खरोखर १०,००० च्या जवळ असेल तरच. घनता निम्मी असेल तर हाच आकडा वेगळं मिश्रण सांगेल. पुन्हा लँगम्युर प्रोब.

विद्युत आणि चुंबकीय चित्रांची तुलना हा माझा नेहमीचा दुसरा उपाय. व्हिसलर लहरीत या दोन क्षेत्रांचं गुणोत्तर अपवर्तनांकावर, म्हणजे लहर प्रकाशाच्या किती पट हळू चालते यावर, ठरतं. ५ किलोहर्ट्झला, वरच्याच आकड्यांनी, बलरेषेच्या दिशेने जाणाऱ्या लहरीसाठी अपवर्तनांक १३-१४ येतो. म्हणजे विद्युत क्षेत्र मीटरला १०० मायक्रोव्होल्ट असेल तर चुंबकीय क्षेत्र साडेचार पिकोटेस्लाच्या आसपास हवं. तेवढं सापडलं तर फराटा खरा व्हिसलर. चुंबकीय बाजू फारच अशक्त निघाली तर लहर आडवी वळलेली आहे, नाहीतर तो संवेदकाभोवतीचा स्थानिक प्रकार आहे. हा उपाय डेमेटरवर ढोबळच चालतो, कारण या पट्ट्यात एक विद्युत आणि एक चुंबकीय घटकच नोंदलेला आहे. लहर कोणत्या दिशेने आली हे सांगायला सगळे घटक लागतात, आणि ते फक्त सव्वा किलोहर्ट्झच्या खाली, बर्स्टमध्ये मिळतात.

काळ्या फटीकडे येतो, कारण तिच्यावरच तुमचा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. जमीन आणि रात्रीच्या आयनांबराचा तळ यांच्यामधली पोकळी सुमारे ८८ किलोमीटर उंचीची असते. अर्धी तरंगलांबी या उंचीत मावली तरच दूरच्या विजांची ऊर्जा पोकळीतून नीट वाहते. ८८ किलोमीटरची दुप्पट घ्या आणि प्रकाशाच्या वेगाला तिने भागा, १.७ किलोहर्ट्झ मिळतील. या वारंवारतेजवळ लहरी पोकळीत लवकर मरतात, म्हणून वर उपग्रहापर्यंतही कमी पोचतात. ही फट जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या फेरीत असते. डेमेटरच्या नोंदींतून तिची नेमकी वारंवारता वाचून रात्रीच्या आयनांबराच्या तळाची उंची जगभर मोजण्याचं कामही झालेलं आहे. तुमच्या चित्रात ती दिसली, याचा अर्थ चित्र बरोबर काढलं गेलं आहे.

भूकंपाचा संबंध तुम्ही कुठून जोडलात हे मला समजतं. २००८ मध्ये नेमेत आणि सहकाऱ्यांनी डेमेटरच्या अडीच वर्षांच्या नोंदी हजारो भूकंपांच्या जागा-वेळांशी जुळवल्या. रात्रीच्या वेळी, याच १.७ किलोहर्ट्झच्या जवळ, भूकंपाआधीच्या चार तासांत लहरींची तीव्रता किंचित घटते असं त्यांना सरासरीत आढळलं. काम काळजीपूर्वक केलेलं आहे आणि मी ते गांभीर्याने घेतो. पोकळीची उंची किंचित बदलली तर या वारंवारतेवर परिणाम आधी दिसावा, हे भौतिकीला धरूनच आहे. पण ती घट हजारो भूकंप एकत्र केल्यावर वर येते. एका रात्रीत विजा किती आणि कुठे चमकल्या यानेच तीव्रता त्या घटीपेक्षा कितीतरी जास्त हलते. त्यामुळे एका फेरीतली फट पाहून कोयना परिसराबद्दल काही म्हणणं शक्य नाही, आणि किल्लारीचं दुःख पाहिलेल्या राज्यात तसं म्हणणं धोक्याचं आहे. कृपा करून हे चित्र 'भूकंपाचा इशारा' म्हणून कुठे पाठवू नका. या प्रश्नावर काम थांबलेलं नाही. चीनने २ फेब्रुवारी २०१८ ला झांगहेंग-१ हा उपग्रह मुख्यतः यासाठीच सोडला, आणि तो ५०७ किलोमीटरवरून अशाच नोंदी घेतो.

गच्चीवरचा अँटेना लावा, जरूर लावा, पण त्याला वेगळ्या गोष्टी सापडतील. लोअर हायब्रिडचा गोंगाट खाली येत नाही, तो वरच कोंडलेला असतो. ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशांवर पृथ्वी ५० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये जबरदस्त रेडिओ उत्सर्जन करते, तेही आयनांबराच्या वरच अडतं. म्हणूनच उपग्रह जाईपर्यंत ते कोणाला माहीत नव्हतं. व्हिसलर भारतात गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी अशा ठिकाणी जमिनीवर मिळालेले आहेत, पण महाराष्ट्राच्या इतक्या कमी चुंबकीय अक्षांशावर ते विरळाच. जे हमखास मिळेल ते म्हणजे विजांची कडकड, १८.२ ची रेषा, आणि रात्री 'ट्वीक': दूरच्या विजेचा टिचकीसारखा आवाज, ज्याची स्पेक्ट्रोग्राममधली हुकासारखी रेघ खाली वाकत येऊन १.७ किलोहर्ट्झवर टेकते. ती तुमचीच फट, जमिनीच्या बाजूने पाहिलेली.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. मोठ्या चौकटीवर गुंडाळलेली तार, एक चांगला प्रवर्धक आणि संगणकाचं साउंड कार्ड पुरतं, कारण सेकंदाला ४८,००० नमुने घेतले की २४ किलोहर्ट्झपर्यंत दिसतं. कठीण आहे ती जागा. सोसायटीच्या गच्चीवर लिफ्ट, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट सगळं गिळून टाकतो. वीजवाहिनीपासून शक्य तितकं लांब, एखाद्या शेतात, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसह रात्री दहानंतर नोंद घ्या.

डेमेटरच्या नोंदी तूलूझच्या प्लाझ्मा भौतिकी केंद्राच्या संग्रहात आहेत. माझा सल्ला: मे महिन्यातल्या रात्रीच्या चार-पाच फेऱ्या निवडा, शक्यतो १५ ते २२ अंश उत्तर अक्षांशाच्या आत बर्स्ट नोंद असलेल्या, आणि तेवढ्याच जानेवारीतल्या. प्रत्येकीसाठी विद्युत चित्र, चुंबकीय चित्र आणि इलेक्ट्रॉन घनता एकाखाली एक लावा. मग दाट पट्ट्याची कड घनतेबरोबर हलते का, ते बघा. बुडबुड्यात शिरताना ती नेमकी कुठे उडी मारते, हे एकदा स्वतःच्या चित्रात सापडलं की इथे फेरीचा क्रमांक आणि वेळ लिहा. मीही तीच फेरी उघडून बघेन.